मलमूत्राची शुश्रूषा : एक उपेक्षित इतिहास

१९८४ साली मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स होते. तिथे आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले एक शेतकरी होते. गुदद्वार काढून टाकावे लागले होते आणि आतड्याचे तोंड पोटाच्या डाव्या बाजूला आणून शिवले होते. यालाच कोलोस्टोमी म्हणतात. त्या तोंडातून मल केव्हाही बाहेर येई. त्यांची बायको त्यावर जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवी आणि वरून पंचा आवळून बांधी. घरी जाण्याच्या दिवशी डॉक्टरांनी औषधे सांगितली, पथ्य सांगितले, पुन्हा यायची तारीख दिली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, "बाई, पंगतीत बसता येईल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन वर्षांच्या प्रशिक्षणात मी एनिमा द्यायला शिकले होते, कॅथेटर घालायला, बेडपॅन द्यायला, लघवी मोजून तक्त्यात लिहायला शिकले होते. पण मलमूत्रावरचा ताबा गेलेल्या माणसाने चारचौघांत कसे वावरायचे, हे कुणी शिकवले नव्हते. पुढे मी नर्सिंगची शिक्षिका झाले आणि या प्रश्नाचे उत्तर जगात कुणी, कधी शोधले याचा मागोवा घेऊ लागले. तेव्हा लक्षात आले की शस्त्रक्रियेच्या इतिहासावर कपाटे भरतील इतके ग्रंथ आहेत, पण शस्त्रक्रियेनंतरच्या या रोजच्या कामाचा इतिहास तळटीपांत विखुरलेला आहे.

वास्तविक आधुनिक नर्सिंगची सुरुवातच घाणीच्या प्रश्नापासून झाली. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाखालची गटारे तुंबलेली होती. मार्च १८५५ मध्ये आलेल्या सॅनिटरी कमिशनने ती साफ करवली आणि त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हा धडा आयुष्यभर जपला. शुश्रूषेवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी आजाऱ्याच्या खोलीत झाकण नसलेले मलमूत्राचे भांडे ठेवण्याची पद्धत साफ मोडून काढावी, असे बजावले आहे.

आपल्याकडे या कामाला विटाळाची बाजू होती. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून येतो. एका ओळीपलीकडे त्यांच्याविषयी फारसे काही नसते. परक्या माणसाच्या मलमूत्राला हात लावावा लागतो, म्हणून उच्चवर्णीय घरांतल्या मुली या पेशापासून दीर्घकाळ दूर ठेवल्या गेल्या. १९४६च्या भोर समितीच्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. प्रत्यक्ष भांडी उचलणारे हात बहुतेक सफाई कामगारांचे होते, आणि त्यांच्या वाट्याला ती एक ओळसुद्धा आलेली नाही.

आता नळीकडे वळू. मूत्राशयात टिकून राहणारी, टोकाला फुगा असलेली रबरी नळी अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली या शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाते. ती १९३०च्या दशकात आली. फुगा होता तो मुळात प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबून थांबवण्यासाठी. पण नळी आपोआप आत टिकते म्हटल्यावर ती सर्रास वापरली जाऊ लागली, आणि दुसरे टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडलेले असे. चार-पाच दिवसांत जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. ते वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोचत, रक्तात शिरत. १९५८ साली पॉल बीसन या नामांकित वैद्यकतज्ज्ञांनी कॅथेटरच्या सरसकट वापराविरुद्ध संपादकीय लिहिले. १९६६ साली कुनिन आणि मॅकॉर्मॅक यांनी दाखवून दिले की नळी आणि पिशवी यांची जोडणी बंदिस्त ठेवली तर संसर्ग पुष्कळ लांबवता येतो.

मी विद्यार्थिनींना जे नियम घोकून घेत असे ते इथून आले. पिशवी मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर असावी, पण जमिनीला टेकू नये. जोड उगाच सोडू नये. हात धुतल्याशिवाय नळीला हात लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, नळीची गरज आजही आहे का, हे रोज सकाळी विचारावे. हे नियम दिसायला किरकोळ आहेत. पण ते पाळणारी व्यक्ती रात्री तीन वाजता वॉर्डात एकटीच जागी असते, आणि रुग्णाची मूत्रपिंडे तिच्या सवयींवर अवलंबून असतात.

याचा मोठा पुरावा इंग्लंडमधल्या स्टोक मॅंडेव्हिलला मिळाला. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक मेले ते मूळ जखमेने नव्हे, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि शय्याव्रणांनी. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथे अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचे, असा त्यांचा दंडक होता. नळी कायम आत न ठेवता ठरावीक वेळाने घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि लगेच काढायची, ही पद्धत त्यांनी नेटाने राबवली. हे 'खालचे' काम त्यांनी डॉक्टरांना स्वतः करायला लावले, हे विशेष. १९४८ साली याच रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ रुग्णांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली आणि तिथूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. मूत्राशय आणि त्वचा यांची निगा राखली गेली नसती, तर धनुष्य उचलायला ते जिवंत राहिले नसते.

पुढचे पाऊल १९७२ साली मिशिगन विद्यापीठात पडले. नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असावी, मूत्राशय वेळेवर रिकामे होणे अधिक महत्त्वाचे, आणि हे काम रुग्णाने स्वतःच्या हाताने करावे, असे जॅक लॅपिडस यांनी मांडले. या शोधनिबंधाच्या लेखकांत बेटी लोव या परिचारिकेचे नाव आहे. ते योग्यच आहे, कारण साध्या पाण्याने आणि साबणाने हात धुऊन नळी कशी घालायची हे रुग्णाला शिकवता आले, तरच हा शोध उपयोगाचा होता.

पिशवीचा शोध तर सर्वस्वी एका परिचारिकेचा. कोपनहेगनमधल्या एलिसे सोरेन्सन यांच्या बहिणीवर, थोरावर, आतड्याची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी रुग्ण कापड, धातूचे कप, रबरी पिशव्या असे काहीबाही वापरत. गळती आणि वास यांच्या धास्तीने थोरा घराबाहेर पडेना. १९५४ साली एलिसे यांना सुचले, की कडेला चिकट कडे असलेली, वापरून फेकता येणारी पातळ प्लॅस्टिकची पिशवी थेट त्वचेला चिकटवता येईल. प्लॅस्टिकचे कारखानदार आगे लुई-हान्सन यांनी प्रथम नकार दिला. त्यांच्या पत्नी योहाने स्वतः परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या होत्या. या पिशवीचे मोल त्यांनी ओळखले आणि नवऱ्याचे मन वळवले. १९५७ मध्ये यातूनच कोलोप्लास्ट ही कंपनी निघाली.

त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुपर्ट टर्नबुल हे शल्यचिकित्सक अशा रुग्णांच्या सोललेल्या त्वचेवर उपाय शोधत होते. १९५८ मध्ये त्यांनी नॉर्मा गिल यांना कामावर घेतले. त्या ना डॉक्टर होत्या, ना परिचारिका. स्वतःच्या पोटावर अशी शस्त्रक्रिया झालेल्या त्या रुग्ण होत्या. १९६१ मध्ये दोघांनी स्टोमाच्या शुश्रूषेचे स्वतंत्र शिक्षण सुरू केले. त्वचा वाचवण्यासाठी टर्नबुल यांनी वापरलेला पदार्थ होता कराया गम, म्हणजे ओल्या त्वचेला चिकटून राहणारा आणि तिच्यावर थर धरणारा एक डिंक.

हे नाव वाचताना मी थबकले. कराया गम म्हणजे आपल्या कांडोळाचा डिंक. उन्हाळ्यात पाने झडल्यावर पांढऱ्याफटक खोडाने रानात भुतासारखे उभे राहणारे ते झाड. काही भागांत त्याला कडाई म्हणतात, काही भागांत कुल्लू. भारत हा या डिंकाचा मोठा पुरवठादार, आणि तो गोळा करणारे मुख्यतः आदिवासी. म्हणजे ज्या मध्य भारतातल्या रानांचा डिंक परदेशी रुग्णांची त्वचा सांभाळत होता, त्याच रानांच्या आसपास माझा रुग्ण पोटाला लुगड्याच्या घड्या बांधत होता. माल इथून गेला होता, ज्ञान मात्र माझ्या वॉर्डापर्यंत आले नव्हते.

ते शेतकरी तीन महिन्यांनी तपासणीला आले होते. कापड गेले होते. त्यांच्या बायकोने एका जाड बांगडीला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून, नाडीने ती कमरेला कसली होती. कडेने कातडी लाल झाली होती, पण गळती थांबली होती. कोपनहेगनच्या परिचारिकेने जे केले, तेच या बाईने स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी केले होते. मी तिला विचारले, "आता पंगतीत बसतात का?"

ती म्हणाली, "बसतात. कडेच्या पाटावर."

आज शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत स्टोमाच्या शुश्रूषेचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आहेत, चांगल्या पिशव्याही मिळतात. मात्र दर काही दिवसांनी नवी पिशवी विकत घेणे पुष्कळ घरांना झेपत नाही, आणि डिस्चार्जच्या कागदावर त्या प्रश्नासाठी अजून रकाना नाही. म्हणून माझ्या विद्यार्थिनींना मी एक गोष्ट सांगत आले. रुग्णाला घरी पाठवण्याआधी त्याला विचारा, की तुम्हाला कुठे कुठे जायचे आहे, कुणाशेजारी बसायचे आहे. मग पिशवी कशी बांधायची ते शिकवा.