दफ्तर हलविताना

इतिहास जपून ठेवला जातो असे आपण म्हणतो. पण हे जपण्याचे काम जवळ जाऊन पाहिले तर ते बहुतांशी हलविण्याचे काम असते. एका पेटीतून दुसऱ्या पेटीत, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत. ज्या पिढीने हे काम नीट केले तिचे पूर्वज नातवंडांशी बोलतात. जिने हयगय केली तिच्या पूर्वजांची वाचा बसते.

हा विषय वसंत व्याख्यानमालेत मांडावा असे आम्हांला वाटले त्याला कारण आहे. आज मोठ्या बँका, विमा कंपन्या, संशोधन संस्था आपले जुने दफ्तर चुंबकीय टेपवर ठेवतात, आणि एका टेपवरचे दुसऱ्या टेपवर नेण्याचे काम यंत्र ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे आपले आपण करते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा थोडी झाली, वाचन झाले ते फावल्या वेळात. यंत्रविद्या शिकविण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण हे काम दिसते तितके नवे नाही, आणि सातारा-सांगलीकडच्या माणसाला तर ते मुळीच परके वाटू नये, एवढे दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एक चालते दफ्तर, दुसरे एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात रोजचे काम चाले. फडावर फडणिसांच्या देखरेखीखाली रोजकीर्द लिहिली जाई, सनदा निघत, हिशेब येत. एकबेरीज दफ्तर मात्र कायम पुण्यात असे. चालत्या दफ्तराचे कागद अखेरीस तिकडे जात, त्यांची खातेवार फोड होई, आणि जमा, खर्च व शिल्लक दाखविणारे वर्षाचे तर्जुमे तयार होत. सरदार स्वारीवर असो की पेशवे स्वतः मोहिमेवर असोत, कोणता कागद कोठे जायचा हे ठरलेले असे. दोनशेहून अधिक कारकून या कामावर होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बसलेली ही घडी नाना फडणिसांनी कडक ठेवली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याची चाल पडली. मक्तेदाराला हिशेब द्यायचाच नसल्यावर दफ्तर तरी कशाला हवे? मग दफ्तराची शिस्तही ढिली झाली. कागद तेच, कारकूनही तेच होते. हलविण्याचा नियम पाळून घेणारा कोणी राहिला नव्हता.

१८१८ साली पेशवाई गेली आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. त्याचे महत्त्व त्यांनी लगेच ओळखले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि गावोगावच्या इनामदारांना आपला हक्क कागदाने सिद्ध करणे भाग पडले. ज्याच्या घरची सनद दफ्तराशी जुळली त्याचे वतन राहिले; ज्याची जुळली नाही, त्याचे गेले. हजारो घरांची जमीन अशा रीतीने रुमालात बांधलेल्या कागदांवर अवलंबून राहिली. दफ्तर ही पंडितांच्या हौसेची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दहा-बारा वर्षे जरूर अभ्यासावी.

याच सुमारास, १८४८ साली, साताऱ्याचे राज्य खालसा झाले. राज्य गेले तरी कागद वाड्यावाड्यांतून राहिले, आणि पुढच्या पन्नास वर्षांत वाळवी, उंदीर व रद्दीवाला यांनी त्यांचा समाचार घेतला. त्यांतून जे वाचले ते काही थोड्या माणसांच्या हट्टामुळे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरांतील पत्रे निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढण्यास आरंभ केला. शिक्षकाच्या पगारात संसार करून, मोडी कागद बालबोधीत उतरवून, ते छापीत राहिले. १९२४ साली ते वारले तोवर हे काम चालू होते. साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी असाच संग्रह उभारला. त्यांच्या कागदांचे व चित्रांचे संग्रहालय १९२५ साली साताऱ्यात उभे राहिले. पुढच्याच वर्षी पारसनीस गेले, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला.

सातारकरांना याची हळहळ वाटते, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु जेथे कागद टिकेल, वाचणारा भेटेल आणि जागेचे भाडे कोणीतरी भरील, तेथे दफ्तर जाते. पेशवे दफ्तरासाठी पुण्यात १८९१ साली स्वतंत्र इमारत झाली. म्हणून १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांना त्यातून निवडक कागदांचे ४५ भाग काढता आले. निवडक हा शब्द ध्यानात ठेवावा. छापले गेले ते मूठभर. न छापलेले रुमाल आजही हजारोंनी आहेत, आणि ते मोडीत आहेत. मोडी शाळांतून गेली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. कागद धडधाकट आहे, शाई काळीभोर आहे; पण वाचणारा दुर्मिळ आहे. वस्तू टिकली तरी तिचा वाचक नाहीसा होऊ शकतो, हा पहिला धडा येथे मिळतो.

आता टेपकडे वळू. कॉम्प्युटरला टेप जोडण्यास १९५१-५२ च्या सुमारास अमेरिकेत सुरुवात झाली. आज प्रचारात असलेली एलटीओ नावाची टेप २००० साली निघाली. हाताच्या पंजात मावेल अशी चौकोनी डबी, आत अर्धा इंच रुंदीची आणि सुमारे एक किलोमीटर लांबीची फीत. पहिल्या पिढीच्या डबीत १०० गिगाबाइट माहिती मावे. २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या डबीत १८,००० गिगाबाइट मावते. नीट थंड व कोरड्या जागी ठेवली तर फीत तीस वर्षे टिकते असे तिचे कारखानदार सांगतात. वीज लागते ती वाचताना-लिहिताना. फळीवर पडून असताना लागत नाही. म्हणून ती स्वस्त पडते.

मग ती हलवायची कशाला? मोडीचाच दोष येथे आहे. फीत टिकते, पण ती वाचणारे यंत्र टिकत नाही. सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचीत. आठव्या पिढीचे यंत्र मागची एकच पिढी वाचते. सहावी टेप घातली तर ते मुके होते. २०२५ साली आलेल्या दहाव्या पिढीचे यंत्र तर मागची एकही वाचत नाही. म्हणजे फितीचे आयुष्य तीस वर्षांचे आणि तिच्या वाचकाचे जेमतेम दहा-पंधरा. मोडी विसरायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. येथे तेवढी सवड नाही.

एकेक टेप हाताने घालून हजारो टेपा उतरविणे माणसाला झेपत नाही, म्हणून हे काम यंत्राकडे दिलेले असते. मोठ्या दालनात टेपांच्या फळ्या, त्यांच्यामधून धावणारा यंत्राचा हात, वाचणारी चार-दोन यंत्रे, आणि कोणती नोंद कोणत्या टेपवर आहे हे सांगणारी एक यादी, असा सारा सरंजाम असतो. नियम कोणीतरी एकदा बसून लिहितो. अमुक दिवस कोणी मागितली नाही ती नोंद चालत्या डिस्कवरून टेपवर जावी. अमुक गटातील टेपांवरचे सर्व काही तमुक गटातील नव्या टेपांवर उतरावे. एखाद्या टेपवरच्या बहुतेक नोंदी रद्द होऊन थोड्याच उरल्या, तर त्या उचलून दुसरीकडे गोळा कराव्यात आणि टेप मोकळी करावी. हे सगळे रात्री, कचेरीचे काम थंडावल्यावर करावे. पुण्याच्या एखाद्या जुन्या कारकुनाला हे समजावून सांगितले असते, तर चालत्या दफ्तरातून एकबेरजेत कागद कसा न्यावा हेच तुम्ही सांगत आहात, असे तो म्हणाला असता.

एकबेरीज या नावातच दुसरा धडा आहे. कागद गेला एवढ्यावर हुजूर दफ्तर थांबत नसे; बेरीज जमावी लागे. शाळेत गुणाकार केल्यावर आपण ताळा घेत असू, तसाच ताळा यंत्रही घेते. प्रत्येक नोंदीतील अक्षरांवरून गणिताने एक आकडा काढतात. नव्या टेपवर उतरल्यावर तोच आकडा पुन्हा काढतात. दोन्ही जुळले तर नोंद जशीच्या तशी पोचली असे धरायचे. न जुळले तर जुन्या टेपला हात लावायचा नाही. जुनी टेप पुसण्याची घाई हे या विद्येतील मोठे पाप होय. १९६९ साली चंद्रावर पहिला माणूस उतरला, त्या यात्रेचे मूळ संकेत ज्या टेपांवर घेतले होते त्या पुढे सापडल्या नाहीत. पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००९ साली जाहीर केला. टेपांची टंचाई होती. त्या मोकळ्या करण्याची पद्धत होती. पद्धत पाळली गेली. त्या डब्यांवर काय आहे हे विचारण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते.

आमच्यासारख्यांना या विषयाची काळजी वाटते ती येथे. दफ्तरावर पोट असलेली माणसे अजून आहेत; इनामदारांच्या जागी आता कामगार आला आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात कुंडल, वाळवा, शिराळा भागांतील माणसांनी भूमिगत राहून काम केले. त्या वेळी हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. १९७२ पासून केंद्र सरकार स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देऊ लागले, तेव्हा पुरावा मागण्यात आला: तुरुंगाचा दाखला, वॉरंट, फरारी असल्याचा जाहीरनामा. जो जन्मभर पोलिसांच्या कागदात आपले नाव येऊ नये म्हणून धडपडला, त्यालाच म्हातारपणी ते नाव दाखवावे लागले. कागद न मिळाल्यास शिक्षा भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचे प्रमाणपत्र चाले. दफ्तर नसले की साक्षीदार लागतो. आणि साक्षीदार म्हातारा होतो.

आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. हजेरीच्या जुन्या वह्यांवरून कॉम्प्युटरवर नोंदी उतरविताना, ज्या ओळीत कामगाराचा नंबर नाही ती ओळ सोडावी, असा नियम ठेवला गेला होता. नंबर देण्याची पद्धत सुरू होण्यापूर्वी बदली म्हणून लागलेल्या कामगारांची आरंभीची वर्षे त्यामुळे गळाली. वह्या रद्दीत गेल्या. निवृत्त होताना एकाची नऊ वर्षे कमी भरली. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याने वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. म्हणजे त्याचा १३५ दिवसांचा पगार बुडाला. दुसऱ्या एकाची पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे भरेनात. युनियनच्या पोरांनी घरोघर जाऊन ट्रंकांतून पगाराच्या चिठ्ठ्या आणि विम्याची कार्डे गोळा केली, तेव्हा काहींचे हक्क परत मिळाले. सर्वांचे मिळाले नाहीत. यंत्राने कोणाशी वैर केले नव्हते. त्याला दिलेला नियम त्याने चोख पाळला होता. मात्र नियम लिहिताना कामगारांना कोणी विचारले नव्हते, आणि गळालेल्या ओळींची यादीही कोणी वाचली नव्हती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दफ्तर हलविण्यापूर्वी नोंदी मोजाव्यात आणि हलविल्यावर पुन्हा मोजाव्यात. सोडलेल्या नोंदींची यादी निराळी काढावी. नव्या टेपवरचे थोडे तरी माणसाने डोळ्यांनी वाचून पाहावे, आणि त्यानंतरच जुनी मोकळी करावी. दुसरी प्रत त्याच नदीच्या काठी ठेवू नये. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुराने सांगलीच्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजविले, हे आपण विसरलेलो नाही. जुनी टेप वाचणारे यंत्र आणि ते चालविणारा माणूस, दोघांनाही दफ्तर उतरून पुरे होईपर्यंत काढू नये. आणि नियम स्वतःच एक कागद समजून दफ्तरात ठेवावा, ज्याचे नाव त्या दफ्तरात आहे त्याला तो पाहता यावा.

यांत्रिकीकरण आले म्हणजे माणूस नको, असे हिशेब मांडणारे व्यवस्थापक आम्ही अनेक पाहिले. त्यांना आम्ही एवढेच सांगू की रात्री यंत्र खुशाल टेपा हलवो. सकाळी ती यादी समोर घेऊन, न जुळलेल्या ओळीवर बोट ठेवून, ही का गळाली असे विचारणारा एक माणूस कचेरीत पगारावर असला पाहिजे. पेशव्यांनी दोनशे ठेवले होते. आम्ही एक मागतो.