वेन्समच्या वळणावरचा बुरूज

साल १३९८. इंग्लंडमधलं नॉर्विच. वेन्सम नदी जिथे वळते, त्या वळणातल्या कुरणात तुम्ही उभे आहात. चुन्याची भुकटी डोळ्यांत जातेय. गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होतायत. शहराच्या हिशेबात या बुरुजाच्या कामासाठी ३६,८५० विटांची नोंद आहे, आणि त्यातल्या निम्म्या तरी तुमच्याच पायांत येतायत असं वाटतं.

जरा जवळ जा. गवंडी गारगोटीचे गोटे चुन्यात बसवून भिंतीचा गाभा भरतायत, त्याला आतून-बाहेरून विटांचा थर देतायत. तळाशी जाडी जवळजवळ सहा फूट. दगडाऐवजी वीट का? तोफेचा गोळा बसला की दगड तडकतो. वीट तो दणका पोटात घेते. तटाला चिकटलेला बुरूज शोधाल तर फसाल. इथे तटच नाही, ते काम नदी करते. हा गोल गडी एकटाच उभा राहणार, सुमारे पन्नास फूट उंच, फक्त तोफा आणि गोलंदाजांसाठी. इंग्लंडात असं बांधकाम अगदी नवं आहे.

बाजूच्या मिनारातल्या गोल जिन्याने वर चढा. काम पुरं झाल्यावरचा बुरूज आहे असं समजा; प्रवास काळातला आहे, तेवढी सूट घ्या. खालच्या दोन मजल्यांवर जंग्या आहेत, हातबंदुका आणि यांत्रिक धनुष्यांसाठी. डोळा लावलात तर नदीचा एक तुकडा दिसतो, बास. मोठ्या तोफा गच्चीवर. तिथे आलात की एवढ्या उंचीचं कारण कळतं: पलीकडच्या काठावर माउसहोल्डची टेकडी शहराच्या डोक्यावर बसलीय. ती शत्रूच्या हाती गेली, तर बुटक्या बुरुजाचा काय उपयोग?

शत्रू म्हणजे फ्रेंच, असं सगळे म्हणतात. पण १३८१ साली बंडखोर शेतकरी याच शहरात घुसले होते. ते बांधणारे विसरले असतील, असं मला वाटत नाही.

तिथेच थांबा, दीडशे वर्षं जाऊ द्या. ऑगस्ट १५४९. टेकडीवर रॉबर्ट केटचे हजारो लोक आहेत. गायरानांना कुंपणं घालणाऱ्या जमीनदारांविरुद्ध उठलेले, फ्रेंच नव्हेत, अस्सल इथलेच, नॉरफक परगण्यातले. त्यांच्या तोफा धडधडतात आणि तुमच्या शेजारचा कठडा ढासळतो. खाली वाका!

केटला त्याच डिसेंबरात नॉर्विचच्या किल्ल्यावर फासावर लटकवलं. बुरूज टिकला. आज त्याला छप्पर नाही, मजले नाहीत. पण त्याचं वीटकाम इंग्लंडमधल्या मध्ययुगीन कामातलं उत्तम मानतात. नॉर्विचला गेलात तर कॅथेड्रल बघून लगेच परतू नका. नदीकाठची वाट धरा आणि हा बुरूज, म्हणजेच काऊ टॉवर, बघूनच या.