इथिओपिया : एका क्रियापदावरून पेटलेले युद्ध

निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. पूर्व आफ्रिकेतील हा देश म्हणजे मुख्यतः खोल दऱ्यांनी चिरलेले उंच पठार. निळी नाईल येथल्याच ताना सरोवरातून निघते.

ओरोमो, अम्हारा, सोमाली, तिग्राय अशा अनेक समाजांच्या मिळून येथे ८० हून अधिक भाषा बोलल्या जातात. अम्हारिक भाषेची गीझ लिपी आपल्याला ओळखीची वाटावी : प्रत्येक व्यंजनाची स्वरांनुसार सात रूपे. बाराखडी नव्हे, सातखडी म्हणा!

याच भाषेतील एका वाक्याने पुढे इतिहास घडवला. १८८९ मध्ये सम्राट दुसरा मेनेलिक आणि इटली यांच्यात वुचाले येथे तह झाला. सतराव्या कलमाच्या अम्हारिक प्रतीचा आशय असा, की परराष्ट्र व्यवहारात सम्राट इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियन प्रतीनुसार मात्र ती त्याने घेतलीच पाहिजे. एकीकडे मैत्री, दुसरीकडे मांडलिकी! इटलीने युरोपपुढे कोणती प्रत ठेवली, हे सांगायला नको.

१८९३ मध्ये मेनेलिकने तह झुगारला. १ मार्च १८९६ च्या पहाटे, सदोष नकाशांच्या भरवशावर निघालेल्या इटालियन तुकड्या अडवाच्या डोंगरांत एकमेकींपासून तुटल्या आणि दुपारपर्यंत त्यांचा धुव्वा उडाला. सम्राज्ञी तायतू स्वतः त्या रणभूमीवर होती.

ऑक्टोबरात अदिस अबाबा येथे नवा तह झाला. वुचालेचा तह रद्द ठरला, इथिओपियाचे स्वातंत्र्य इटलीने मान्य केले. उत्तरेकडील एरिट्रिया मात्र इटलीच्याच ताब्यात राहिला.