पाटलाची वही आणि माणगावची वंशावळ

रायगड जिल्ह्यातल्या माणगावच्या तहसील कचेरीच्या आवारात जून-जुलैत एकच कागद हातोहाती फिरत असतो. बारावी झालेल्या मुलाला इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला प्रवेश घ्यायचा असतो, जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची असते आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लागते. वरच्या टोकाला मूळ पुरुषाचे नाव, खाली मुलगे, नातू, पणतू यांच्या रेघा आणि अगदी तळाला अर्जदार. घरातल्या आजोबांना तीन पिढ्यांची नावे तोंडपाठ असतात. चौथ्या पिढीपाशी आठवण अडखळते आणि मग जुन्या दप्तराची वाट धरावी लागते.

हा कागद सक्तीचा झाला तो अलीकडे. १९९४ साली कुमारी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जातीच्या दाखल्यांच्या छाननीसाठी समित्या आणि दक्षता पथके नेमण्याचे आदेश दिले. महाराष्ट्राने त्यासाठी केलेला कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. तेव्हापासून मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा ज्याने त्याने स्वतः शोधून आणायचा आहे. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा पणजोबांच्या नावाचा निघाला, तर पणजोबा ते अर्जदार ही साखळी वंशावळीने जोडून दाखवावी लागते.

वंशावळ मात्र त्याहून कितीतरी जुनी. ती ठेवायची ती ज्यांच्याकडे वारसाहक्काने चालत आलेले काही होते त्यांनी. वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला की दोन्ही पक्ष आपापल्या पिढ्या सांगत आणि निवाड्याचा महजर होई. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या इनाम कमिशनने प्रत्येक इनामदाराकडून कैफियत मागितली, तेव्हा मूळ इनाम मिळवणाऱ्यापासून हयात वारसापर्यंतची वंशावळ तिच्यासोबत द्यावी लागली. पुढे विसाव्या शतकात कोकणातून देशावर गेलेल्या चित्पावन घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. देशमुख, कुलकर्णी, खोत यांच्या घरी रुमाल होते, सनदा होत्या, लिहिता-वाचता येणारा माणूस होता.

माणगाव तालुक्यातल्या कुणब्याच्या, महाराच्या, गवळ्याच्या घरी यातले काय होते? जमीन खोताची, हाताला लेखणी नाही. या घरांतून कुणी गोदावरीवर अस्थी घेऊन गेले, तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत गाव, आडनाव आणि सोबत आलेल्यांची नावे उतरत. तेवढाही प्रवास ज्यांना परवडला नाही, त्यांचे नाव लिहून ठेवणारे या जगात कुणी नव्हते. या घरांची वंशावळ आज सहा-सात पिढ्या मागे जाऊ शकते, ती गावच्या पोलीस पाटलाने ठेवलेल्या एका वहीमुळे.

तिचे सरकारी नाव गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. विदर्भात लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती कुणाच्या घराण्यासाठी सुरू झाली नाही. पटकी, देवी आणि ताप यांनी इंग्रजांच्या पलटणी आणि शहरे पोखरून टाकली होती. रोग कोणत्या गावातून कुठे सरकतो हे कळावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरोग्य खात्याने गावोगावचे आकडे मागायला सुरुवात केली. गावात सरकारचा माणूस म्हणजे पाटील. घराघरांतली खबर कोतवालाने आणायची, पाटलाने लिहायची आणि आकडे तालुक्याला धाडायचे. १८८६ सालचा जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा कायदा ऐच्छिक होता, पण पाटलाची वही त्या कायद्याच्या भरवशावर नव्हतीच. ती मुलकी कामाचा भाग म्हणून चालली आणि १ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात १९६९ चा सक्तीचा कायदा लागू होईपर्यंत तिनेच खेड्यांची नोंद सांभाळली. आज ते काम ग्रामपंचायतीत होते आणि जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात.

ही वही वाचणे हा एक स्वतंत्र अभ्यास आहे. जुनी पाने मोडीत आहेत, एका टाकात, न उचललेल्या लेखणीने लिहिलेली. नावांची बांधणी आजच्यासारखी नाही. ‘धर्मा बिन राघो’ म्हणजे राघोचा मुलगा धर्मा, ‘काशी कोम धोंडू’ म्हणजे धोंडूची बायको काशी. आडनाव बहुतेक वेळा नसतेच. एका गावात एकाच काळात दोन धर्मा आणि तीन राघो निघतात; मग वय, जात, वाडी आणि बापाच्या बापाचे नाव जुळवत बसावे लागते. जन्माच्या नोंदीत तर मुलाचे नावच नसते. बारसे होण्याआधीच खबर लागलेली असते आणि पाटील फक्त मुलगा किंवा मुलगी एवढेच लिहून मोकळा होतो. अशी नोंद आपल्या आजोबांचीच, हे ठरवायला शाळेतली जन्मतारीख आणि बापाचे नाव दोन्ही जुळावे लागतात, आणि त्या काळी शाळेत तारीख बहुधा गुरुजींनी अंदाजानेच घातलेली असते.

शोधणाऱ्यांची आणखी एका ठिकाणी वाट चुकते. पहिले बाळंतपण माहेरी. त्यामुळे थोरल्या मुलाचा जन्म बापाच्या गावात सापडत नाही. तो आजोळच्या वहीत असतो आणि आजोळ कधी रोह्याकडचे असते, कधी महाडकडचे, कधी म्हसळ्याकडचे. त्यातही म्हसळे-श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या राज्यात होते, तेव्हा तिथले दप्तरच वेगळे. माणगाव इंग्रजी मुलखात, कुलाबा जिल्ह्यात. तो जिल्हा स्वतंत्र झाला १८६९ साली आणि १९८१ साली रायगड झाला. एका घराचे कागद असे दोन राज्यांत विखुरलेले असू शकतात. मृत्यूची नोंद तर बऱ्याचदा मुंबईत. गिरणीत गेलेला माणूस परळ-लालबागच्या चाळीत वारला, तर तो महापालिकेच्या दप्तरात. गावच्या वहीत त्याचा मागमूस नाही.

मृत्यूच्या बाजूला कारणाचा रकाना असतो. ताप, पटकी, देवी, हगवण, इजा. हा रकाना ज्यांनी एकदा लक्ष देऊन पाहिला आहे, त्यांना आकड्यांची वही ही कल्पना पुन्हा सुचणार नाही. १९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. शरदातल्या त्या काही आठवड्यांत एकाच घरातला बाप, सून आणि तान्हे मूल पाठोपाठ जाणे ही त्या वर्षी अपवादाची गोष्ट नव्हती. वंशावळीच्या कागदावर ‘निपुत्रिक मयत’ म्हणून जी फांदी तोडली जाते, तिच्यामागे पुष्कळदा हे असते. माझ्या मते वंशावळ काढणाऱ्याने ती फांदीही पुरी लिहावी, कारणासह.

पाटलाच्या वहीत जन्म आणि मरण असते, नाती नसतात. ती तलाठ्याकडे मिळतात. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली आणि नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही सुरू झाली. खातेदार वारला की वारसांची नोंद: अमुक मयत, वारस मुलगे अमुक अमुक, विधवा अमुक, धाकटा अज्ञान म्हणून पालनकर्ता चुलता अमुक. एका फेरफारात दोन पिढ्या एकमेकींना जोडून मिळतात. पंचवीस-तीस वर्षांनी पुढचा फेरफार, आणखी एक सांधा. वंशावळीला याहून पक्का कागद नाही.

पण फेरफार निघणार ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा. माणगाव, महाड, रोहे हा सगळा खोतीचा पट्टा. खोताच्या गावात राबणारे कूळ पिढ्यान्‌पिढ्या तेच शेत कसत असले, तरी मालकीच्या रकान्यात ते नसे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खोती गावांत बोटखत नावाचे दप्तर असे, त्यात तरी कुळाची नावे येत. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांच्यानंतर कसणारा मालक झाला. माणगावच्या अनेक कुणबी घरांचा पहिला स्वतःच्या नावाचा सातबारा याच काळातला आहे आणि त्याआधीचा आजा-पणजा शोधायचा तर पुन्हा पाटलाच्या वहीकडेच वळावे लागते.

शाळेचे जनरल रजिस्टर हा तिसरा आधार. त्याची ताकद किती असते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण साताऱ्याचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव १९१४ क्रमांकावर नोंदले गेले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि तो दिवस महाराष्ट्र विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो.

दप्तरातून पूर्वज शोधण्याची गरज रायगडच्या माणसांना समुद्रापलीकडेही पडली आहे. माणगावच्या शेजारचे तळे, रोह्याकडचे घोसाळे, पेण, नागाव, चौल या गावांवरून तळेकर, घोसाळकर, पेणकर, नागावकर, चौलकर अशी आडनावे लावणारा बेने इस्राएल समाज हा याच किनाऱ्यावरचा मराठी बोलणारा ज्यू समाज. इस्राएलला गेल्यावर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले: बेने इस्राएल माणसाचे लग्न दुसऱ्या ज्यू घरात लावायचे असेल, तर त्याच्या आईकडचे पूर्वज जमेल तितके मागे जाऊन तपासावेत. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांना हा संशय सहन होणे शक्य नव्हते. जेरुसलेमात धरणे धरले गेले, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. कुलाब्याच्या गावांतून आईची आई, तिची आई अशी कागदोपत्री साखळी आणायची तरी कुठून? पाटलाच्या वहीत बाई दिसते ती बहुतेकदा कुणाची तरी कोम म्हणून.

मॉरिशसच्या मराठी लोकांची गोष्ट याच्या उलटी. मुंबई बंदरातून करारावर गेलेल्या मजुरांची नोंद तिथे क्रमांक, बापाचे नाव, जात आणि गाव यांसह झाली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर आहे. तिथल्या माणसाला आधी गावाचे नाव मिळते आणि मग तो कोकणात येतो. मार्च २०२५ मध्ये भारताने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात इटलीने नेमके उलट पाऊल टाकले. ब्राझील आणि अर्जेंटिनात गेलेल्या इटालियनांचे खापरपणतू नगरपालिकेतून पूर्वजाचा जन्मदाखला काढून नागरिकत्व मागत, तो हक्क आता आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापर्यंतच मर्यादित झाला. इटलीत शोध सोपा होता, कारण चर्चने सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून बाप्तिस्मा आणि विवाह लिहिले, आणि नेपोलियनच्या काळापासून नागरी नोंदवहीची दुसरी प्रत न्यायालयात गेली. एक प्रत जळाली तर दुसरी उरे. पाटलाची वही एकच. तिला कसर लागली, पुराचे पाणी लागले, की त्या गावाच्या पन्नास वर्षांच्या माणसांचा आधार गेला.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभर दप्तरे उघडली. जन्म-मृत्यूच्या वह्या, खासरा पत्रके, पाहणी पत्रके, शाळांचे प्रवेश-निर्गम, खरेदीखते, पोलिसांचे अटक पंचनामे, कारागृहातल्या कच्च्या कैद्यांच्या नोंदी, सगळे तपासले गेले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या राजकारणाच्या बाजू काहीही असोत, एक गोष्ट चांगली झाली: वर्षानुवर्षे कुणी हात न लावलेली पाने स्कॅन झाली. आता गरज आहे ती सूचीची. नुसत्या चित्रांचा ढीग असून भागत नाही. गाव, वर्ष, बाप आणि वाडी यांप्रमाणे नावे लावली, तर माणगावच्या मुलाला कचेरीच्या फेऱ्या घालाव्या लागणार नाहीत. हे काम फक्त कुणबी या एका शब्दासाठी होऊ नये. त्याच पानावर पुढच्या ओळीत महार, कातकरी, मुसलमान, न्हावी, कासार यांचीही माणसे आहेत.

पडताळणीच्या वंशावळीत अजून बापाकडचीच रेघ चालते. वारसनोंदीत मात्र चित्र बदलले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान हक्क दिला, आणि तेव्हापासूनच्या फेरफारांत लग्न होऊन गेलेल्या लेकीही नावानिशी येतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहायचे, असा शासनाचा निर्णय आहे. माणगावच्या नोंदवहीत आता आई स्वतःच्या नावाने उतरते, आणि आईकडून मागे जाणारी साखळी इथून पुढे कागदावर जोडता येईल.