डोव्हरचा खटला आणि फसलेलं फाइंड-रिप्लेस

हेडफोन लावलेत? चला, सुरू करूया.

मागच्या दिवाळीत आम्ही सगळे काकांकडे जमलो होतो. फराळ झाला, गप्पा रंगल्या आणि विषय कसा कोण जाणे, डार्विनवर गेला. काका म्हणाले, "अरे, माणूस माकडापासून झाला ना? मग माकडं अजून झाडावर का?" सगळे हसले आणि माझ्याकडे बघायला लागले, कारण घरातला नास्तिक मी एकटाच.

मी म्हटलं, "काका, मी आणि तुमची मुलगी चुलत भावंडं. म्हणजे ती काही माझ्यापासून झाली नाही, आमचे आजोबा एक. माकडांचं आणि आपलं नातं असंच आहे, फक्त ते आजोबा कोट्यवधी वर्षांपूर्वीचे." काका म्हणाले, "ते तुझं मत. आमचं वेगळं मत आहे." तेवढ्यात नववीतली माझी बहीण म्हणाली, "दादा, मग खरं कोणाचं, हे ठरवायचं कसं?"

मी इतका वैतागलो होतो की तिला धड उत्तरच दिलं नाही. आजचा एपिसोड म्हणजे ते राहिलेलं उत्तर.

तर गोष्ट आहे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर या छोट्या गावाची. ऑक्टोबर 2004 मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठराव केला. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचायचं, की डार्विनचं म्हणणं ही फक्त थिअरी आहे, त्यात त्रुटी आहेत, आणि 'इंटेलिजंट डिझाइन' नावाचं दुसरं स्पष्टीकरणही आहे. म्हणजे सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की कोणीतरी बुद्धिमान कर्त्याने ते घडवले असणार. हे वाचायचं असेल तर 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक लायब्ररीत आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला चक्क नकार दिला. शेवटी जानेवारी 2005 मध्ये शाळेच्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचलं. तोवर 11 पालक कोर्टात गेले होते.

आता थोडं मागे जाऊ. 1987 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता, की सरकारी शाळेत 'क्रिएशन सायन्स' शिकवण्याची सक्ती करणं घटनाबाह्य आहे, कारण तो धर्माचा प्रचार होतो. त्यामुळे डोव्हरमध्ये प्रश्न एवढाच होता: इंटेलिजंट डिझाइन हे खरंच नवीन विज्ञान आहे, की जुनाच माल नव्या लेबलखाली?

इथे माझ्यातला इंजिनिअर खूश होतो. पालकांच्या वकिलांनी त्या पुस्तकाचे जुने ड्राफ्ट कोर्टामार्फत मागवले. आपण दोन व्हर्जनचा डिफ काढतो ना, अगदी तसं बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ते ताडून पाहिले. 1987 च्या निकालाआधीच्या ड्राफ्टमध्ये जिथे 'क्रिएशन' होतं, तिथे निकालानंतर 'इंटेलिजंट डिझाइन' आलं होतं. व्याख्या तीच, फक्त शब्द बदललेला! आणि एका ठिकाणी घाई नडली. 'क्रिएशनिस्ट्स' काढून 'डिझाइन प्रोपोनंट्स' टाकताना जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेपूट तसंच राहिलं. तयार झाला एक अजब शब्द, 'सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स'. फसलेल्या फाइंड-रिप्लेसचा इतका महागडा बग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बोर्डाच्या बाजूने मायकेल बीही नावाचे बायोकेमिस्ट साक्षीला आले होते. उलटतपासणीत त्यांना मान्य करावं लागलं, की वैज्ञानिक थिअरीची त्यांची व्याख्या धरली तर ज्योतिषही त्यात बसेल. आपल्याकडे पेपरमधलं भविष्य वाचणाऱ्यांना हे फार ओळखीचं वाटेल!

20 डिसेंबर 2005 ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 139 पानांचा निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही. हे जोन्स म्हणजे कोणी नास्तिक नव्हेत, तर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेले रिपब्लिकन. निकालानंतर त्यांना धमक्या आल्या, घराला संरक्षण द्यावं लागलं. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत उभे असलेले बोर्डाचे आठही सदस्य पडले होते. पालकांच्या खटल्याच्या खर्चापोटी शाळेला साधारण 10 लाख डॉलर मोजावे लागले.

माझ्यासारख्याला पचायला जड गेलेली गोष्ट वेगळीच आहे. पालकांच्या बाजूचे पहिले साक्षीदार होते केनेथ मिलर. जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि श्रद्धाळू कॅथलिक. मी इतकी वर्षं समजत होतो की लढाई देव मानणारे विरुद्ध न मानणारे अशी आहे. डोव्हरमध्ये ती तशी नव्हतीच.

आता म्हणाल, हे सगळं अमेरिकेत, आपल्याला काय त्याचं? जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं. मग अभ्यासक्रमाचा भार कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. 2023 मध्ये 1800 हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. बारावीत उत्क्रांती आहे, पण दहावीनंतर सायन्स न घेणाऱ्यांपर्यंत ती पोचणार कशी? आपल्या स्टेट बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. तो असाच राहू दे.

तर बहिणीला माझं उत्तर असं: दोन्ही बाजूंना विचार, "तुमचं म्हणणं चुकलंय हे कशाने सिद्ध होईल?" ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, त्याचं आधी ऐक. पुरावा समोर आल्यावर कोण आपलं म्हणणं बदलतो आणि कोण फक्त नाव बदलतो, तेही बघ. माझ्या बाबतीतसुद्धा हेच तपास.

काकांच्या देव्हाऱ्याशी माझं भांडण नाही. तिच्या पुस्तकातलं पान गायब झालं, तर मात्र आहे. येत्या दिवाळीत पुन्हा वाद होणारच, पण या वेळी चकली खात, आवाज न चढवता.

तुमच्या घरी असे वाद होतात का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!