मुंबई व साष्टी येथील सार्वजनिक तलाव आणि तरणतलाव

तलावांचे शिलालेख व दानपत्रें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस उपनगरांतील तरणतलाव हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु अंधेरी वा मुलुंड येथील तरणतलावांची पूर्वपीठिका शोधूं लागलें असतां ती जुन्या सार्वजनिक तलावांच्या इतिहासांतच सांपडते. आणि त्या इतिहासांतील मुख्य प्रश्न स्थापत्याचा नसून ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या अर्थाचा आहे, असें आमचें मत झालें आहे.

मुंबई शहरांत धोबी तलाव, गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव हीं नांवें राहिलीं. पाणी एकाहि ठिकाणीं उरलें नाहीं. धोबी तलाव येथील तळ्यास ज्या फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७-१८५१) यांचें नांव पडलें, त्यांच्याकडेच साष्टींतील पवईची जहागीर १८२९ पासून होती. शहराचें तळें व साष्टीचे डोंगर यांचा हा संबंध पुढें तळ्यांसच घातक ठरला. १८५४ च्या पाणीटंचाईनंतर हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेप्रमाणें विहार तलावाचें काम १८५६ सालीं सुरू होऊन १८६० सालीं पुरें झालें. १८७९ सालीं तुळशी तलाव झाला. नळ घरोघर गेले, तशीं शहरांतील तळीं निरुपयोगी ठरलीं. १९११ सालीं डॉ. चार्ल्स बेंटली यांनीं मुंबईंतील हिवतापाचें मूळ विहिरी-टाक्यांतील डांसांत दाखविलें, आणि तळीं बुजविण्यास बळकट कारण मिळालें. साष्टीच्या पाण्यानें मुंबईचीं तळीं मारलीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

बुजलेल्या तळ्यांबरोबर एक वाद मात्र बुजला नाहीं. सार्वजनिक पाण्यास हात लावण्याचा अधिकार कोणाचा? ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत संमत झाला. सरकारी वा सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें कागदावर खुलें केलें; २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तेथें प्रत्यक्ष पाणी प्राशन केलें. नंतरचा दावा आमच्या वाचकांनीं अवश्य अभ्यासावा, कारण तो पुराव्याचा वाद होता. अस्पृश्यांस मज्जाव करण्याची वहिवाट अनादि आहे, हें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं, व १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें त्यांचें अपील फेटाळलें. जुनी वहिवाट म्हणून जें जें सांगितलें जातें, तें तें कागदावर टिकतेंच असें नाहीं.

पोहण्याच्या तलावांतहि हा भेद उतरला होता. चौपाटीवरील तरणतलावाच्या नांवांतच ‘हिंदु’ हा शब्द होता. ब्रीच कँडी येथील तलाव दीर्घकाळ केवळ युरोपीयांसाठीं राखलेला होता. पैकीं दुसरा तर स्वातंत्र्यानंतरहि कांहीं वर्षें आपली रीत सोडीना, हें नमूद केलें पाहिजे.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. महाडचें पाणी त्या कलमापर्यंत पोंचलें, असें आम्ही मानतों. त्याच वर्षीं मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत वाढून अंधेरी आणि घाटकोपर तींत आलीं. १९५७ सालीं ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेल्यावर बोरिवलीहि आली. अंधेरीचें शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल १९८८ चें. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहालगत प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुलाचा तरणतलाव आहे. अर्थात् उपनगरांतील पालिकेचे हे तलाव त्या कलमानंतरचे; त्यांच्या दारीं जात विचारण्याची सोयच राहिली नव्हती. तेथें विचारतात तें शुल्क. ही अट जातीच्या अटीहून सर्वस्वीं भिन्न होय. तथापि जुन्या दात्यांनीं बांधलेल्या तळ्यावर पावती फाडावी लागत नसे, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

घाटकोपर-किरोळ व पार्ले-अंधेरी या १९५० पूर्वींच्या नगरपालिकांचे ठराव, विहिरी-तळ्यांवरील नियमांच्या पाट्या, तरणतलावांचीं जुनीं सभासदपत्रें व पावत्या हीं रद्दींत जाण्यास फार काळ लागत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. बोले ठरावाची उपनगरांत कोठें व कशी अंमलबजावणी झाली, याचा छडा त्यांवरूनच लागेल.