वीजवाहिनीची दोन टोके : माझगाव, मुळशी आणि ग्रामीण विद्युतीकरणाचा प्रश्न

प्रस्तावना

गावात वीज पोहोचली की विकास तिच्यामागोमाग येतो, असे गृहीतक ग्रामीण विद्युतीकरणाच्या चर्चेत बहुधा आढळते. आफ्रिका खंडातील खेड्यांविषयी आज जे अभ्यास होत आहेत, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे. परंतु वीजजाळे ही केवळ तांत्रिक रचना नसते. तिच्या एका टोकाला पाणी, जमीन वा कोळसा असतो, तर दुसऱ्या टोकाला ग्राहक. या दोन टोकांमधील संबंध कोण ठरवितो, यावर विकासाचे वाटप अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा संबंध माझगाव व गिरणगाव हे एक टोक आणि मुळशीचे खोरे हे दुसरे टोक मानून तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

माझगावची वीज

मुंबईत विजेच्या दिव्यांचा पहिला प्रयोग १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात झाला; मात्र तो करणारी कंपनी फार काळ टिकली नाही. पुढे १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाडीबंदर येथे तिचे वीजनिर्मितीकेंद्र सुरू झाले. ७ मे १९०७ रोजी शहरात विजेची ट्राम धावली. मागणी वाढत गेल्याने १९१२ मध्ये माझगाव किनाऱ्यावरील कसारा येथे अधिक मोठे केंद्र उभारण्यात आले. ही केंद्रे कोळशाच्या वाफेवर चालणारी होती. म्हणजे या काळात वीज जेथे वापरली जाई, तेथेच ती निर्माण होई. धूर, राख आणि प्रकाश हे तिन्ही एकाच वस्तीच्या वाट्याला येत.

टाटा जलविद्युत कंपनीने ही स्थिती पालटली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने लोणावळा परिसरातील वळवण, शिरवता व लोणावळा येथील जलाशयांचे पाणी घाटाखाली उतरवून १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू केले. सह्याद्रीचा कडा आणि मावळचा पाऊस यांचा हा औद्योगिक उपयोग होता. वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून मुंबईत आली आणि अनेक गिरण्यांनी वाफेची इंजिने सोडून ती स्वीकारली. १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. १९२० च्या दशकात ट्राम कंपनीनेही स्वतः वीज निर्माण करण्याऐवजी टाटांची वीज विकत घेण्याचा मार्ग पत्करला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी हार्बर मार्गाने, म्हणजेच माझगावातून, धावली. प्रकाश माझगावात राहिला. त्याची किंमत मात्र आता दूरच्या खोऱ्यांत मोजली जाऊ लागली.

दिवा आणि कामाचे तास

विजेचा लाभ शहरातही सर्वांना सारखा झाला नाही. गिरण्यांनी जलविद्युत येण्यापूर्वीच स्वतःच्या यंत्रणेवर विजेचे दिवे लावले होते. तत्पूर्वी सूर्यास्त हीच कामाची मर्यादा होती. दिव्यांमुळे ती नाहीशी झाली आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांतील कामाचा दिवस चौदा तासांवर गेला. कामगारांनी याविरुद्ध असंतोष व्यक्त केला. अखेर १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरा तासांवर आली. दिव्याने केवळ काम वाढविण्याची शक्यता निर्माण केली. त्या शक्यतेला मर्यादा घालण्याचे काम कामगारांच्या प्रतिकाराने व कायद्याने केले.

मुळशी : दुसरे टोक

मुळा व नीला नद्यांच्या संगमाजवळील मुळशी धरणाच्या योजनेत सुमारे बावन्न गावांची जमीन बाधित होत होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होत. याच लढ्यामुळे बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले. प्रारंभी काम काही काळ थांबले. परंतु पुढे सरकारने भूसंपादन कायद्याचा आधार दिला. जमिनीवर ज्यांचा सावकारी हक्क होता, त्यांच्यापैकी अनेकांचा कल भरपाई घेण्याकडे होता. जमीन कसणाऱ्या मावळ्याचा प्रश्न मात्र भरपाईने सुटणारा नव्हता. १९२४ अखेर हा लढा संपला आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्र सुरू झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. या योजनेची ग्राहक मुंबई होती. विस्थापित गावांना वीज पुरविणे हा तिचा हेतूच नव्हता. ग्रामीण भागाला वीज देण्याची जबाबदारी शासनाने संस्थात्मक स्वरूपात स्वीकारली, ती १९४८ च्या वीज (पुरवठा) कायद्यानंतर, आणि महाराष्ट्रापुरती १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाद्वारे. त्यानंतरही विद्युतीकरणाची व्याख्या दीर्घकाळ सैल राहिली. महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत समजले जाई. किमान दहा टक्के घरांत वीज असावी, ही अट २००४ मध्ये आली. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात तर ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास अंधारात असताना मुंबईला त्यातून बहुतांशी सूट होती.

आफ्रिकेतील साम्य

हाच क्रम आफ्रिकेत पुन्हा दिसतो. झांबेझीवरील करिबा धरणाने १९५० च्या दशकाअखेर सुमारे ५७,००० टोंगा लोकांना विस्थापित केले आणि वीज प्रामुख्याने तांब्याच्या खाणपट्ट्याकडे गेली. घानातील अकोसोंबो धरणामुळे १९६५ पर्यंत सुमारे ८०,००० लोक हलविले गेले. त्या विजेचा मोठा वाटा टेमा येथील ॲल्युमिनियम कारखान्याने घेतला.

वीज प्रत्यक्ष खेड्यात पोहोचल्यावरचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील टॅरिन डिंकेलमन यांच्या २०११ च्या अभ्यासात विद्युतीकरणानंतर स्त्रियांच्या रोजगारात लक्षणीय वाढ आढळली. सरपणाऐवजी विजेवर स्वयंपाक होऊ लागल्याने घरकामाचा वेळ वाचला, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. उलट, पश्चिम केनियातील २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अनुदानित जोडणी मिळालेल्या कुटुंबांच्या आर्थिक स्थितीत फारसा फरक दिसला नाही. उपकरणे घेण्याची ऐपत, पुरवठ्याची खात्री व रोजगाराच्या संधी यांवाचून केवळ जोडणी पुरेशी ठरत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वीज विकासाची शक्यता निर्माण करते, त्याची हमी देत नाही. गिरणगावात तिच्यामुळे आधी कामाचा दिवस लांबला. मुळशीत ती येण्याआधी जमीन गेली. दोन्ही ठिकाणी निर्णयप्रक्रियेत कामगार व कुळ यांना स्थान नव्हते. म्हणून एखाद्या खेड्याच्या विद्युतीकरणाचे मूल्यमापन करताना ‘तार पोहोचली काय?’ एवढ्यावर न थांबता, ती कोठून आली, तिच्यासाठी कोणी काय सोडले आणि तिचा उपयोग ठरविण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. माझगावच्या इतिहासाचा अभ्यास मुळशीवाचून अपुरा राहतो, तो याच कारणाने.